वाचक विचारतात : माओरी वडीलधाऱ्यांची तैलचित्रं

न्यूझीलंडमधल्या माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, वडीलधाऱ्यांची जी तैलचित्रं आज जगभर ओळखली जातात, ती प्रामुख्याने दोन चित्रकारांची आहेत. एक गॉटफ्रीड लिंडाउर आणि दुसरा चार्ल्स फ्रेडरिक गोल्डी. या चित्रांविषयी आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : लिंडाउर आणि गोल्डी यांची चित्रं मला सारखीच वाटतात. गोंदलेला चेहरा, पिसं, गळ्यात हिरवा दगड. सही न बघता ओळखता येईल का?

बहुतेक वेळा येईल. आधी माणसं बघू. लिंडाउर १८३९ साली बोहेमियातल्या पिल्झेन गावी जन्मला, व्हिएन्नाच्या कला अकादमीत शिकला आणि ऑगस्ट १८७४ मध्ये वेलिंग्टनला उतरला. १९२६ साली वुडविल या छोट्या गावात तो वारला. गोल्डी त्याच्यापेक्षा एका पिढीने लहान. तो १८७० साली ऑकलंडमध्येच जन्मला, पॅरिसच्या ज्युलियन अकादमीत शिकून १८९८ मध्ये परतला आणि १९४७ मध्ये वारला. लिंडाउरने ज्यांना रंगवलं त्यांतले बरेच जण जमिनीच्या लढाया लढलेले किंवा वाटाघाटी केलेले पुढारी होते. गोल्डीच्या हाती कुंचला आला तोवर ती पिढी म्हातारी झाली होती.

आता चित्र. पहिल्यांदा डोळे बघा. लिंडाउरची माणसं ताठ बसतात आणि समोर किंवा किंचित बाजूला रोखून बघतात. गोल्डीची माणसं पुष्कळदा मान खाली घालतात, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, नजर आत वळलेली. दुसरा प्रकाश. लिंडाउरकडे तो मऊ आणि सगळीकडे सारखा असतो, फोटो स्टुडिओत असतो तसा. गोल्डी एका बाजूने प्रकाश टाकतो, त्यामुळे प्रत्येक सुरकुतीला सावली मिळते. तिसरा रंगाचा थर. लिंडाउरचा थर पातळ आणि गुळगुळीत, कुंचल्याची खूण जवळजवळ दिसत नाही. गोल्डीच्या कपाळावर, पांढऱ्या केसांवर रंग जरा उचललेला सापडतो. चौथी पाठीमागची जागा. लिंडाउर साधी करडी-तपकिरी किंवा धूसर निसर्गाची पार्श्वभूमी देतो. गोल्डीला कोरीव खांब, विणलेली भिंत, काळोखा कोपरा आवडतो.

पाचवी खूण शीर्षकाची, आणि आमच्या मते सगळ्यांत बोलकी. लिंडाउरच्या चित्राचं नाव म्हणजे माणसाचं नाव. गोल्डी मात्र ‘आठवणी’, ‘विधवा’ अशी भावनेची पाटी लावतो आणि माणसाचं नाव त्यानंतर येतं.

अपवाद भरपूर आहेत. गोल्डीनेही थेट बघणारे चेहरे काढले आहेत. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका, तीन-चार जुळल्या तरच बोला.

प्रश्न : एका चित्रात सरदार कोट-टायमध्ये, दुसऱ्यात पिसांच्या झग्यात. त्या काळातला खरा पेहराव कोणता?

दोन्ही खरे. चित्राचे पैसे कोणी दिले हे आधी विचारायला हवं.

लिंडाउरला दोन प्रकारची गिऱ्हाइकं होती. ऑकलंडच्या क्वीन स्ट्रीटवरचा तंबाखूचा व्यापारी हेन्री पार्ट्रिज आणि वकील-पक्षीतज्ज्ञ वॉल्टर बुलर यांच्यासारख्या पाकेहांना, म्हणजे युरोपीय वंशाच्या लोकांना, ‘जुन्या न्यूझीलंड’ची नोंद हवी होती. त्यांच्यासाठी झगे, पिसं, हातात शस्त्र. बुलरने अशी चित्रं १८८६ साली लंडनच्या वसाहती प्रदर्शनात मांडली. दुसरीकडे माओरी कुटुंबं स्वतः पैसे देऊन आपल्या माणसांची चित्रं काढून घेत. ती घरात आणि सभागृहात लागायची. तिथे कोट, घड्याळाची साखळी, उंची पोशाख दिसतो, कारण त्यांना तसंच दिसायचं होतं. १८६५ पासून जमिनीचे दावे न्यायालयात चालत होते, १८६७ पासून संसदेत चार माओरी जागा होत्या. कोट हा त्या जगात वावरणाऱ्या माणसाचा रोजचा कपडा होता. तो दिसला की ‘संस्कृती सोडली’ असं वाचणं चूक आहे. त्याच कोटावर हाडाची किंवा हिरव्या दगडाची लटकन असते आणि कोटाच्या वर चेहऱ्यावर पूर्ण गोंदण असतं.

गोल्डीकडे झगे आणि दागिने स्टुडिओतच ठेवलेले असत. त्यामुळे वेगवेगळ्या माणसांच्या गळ्यात तोच दागिना किंवा अंगावर तोच झगा येतो. गोल्डीच्या चित्रातल्या दागिन्यावरून त्या माणसाचा दर्जा किंवा टोळी सांगायला जाऊ नका, फसाल.

वस्त्रं ओळखायची असतील तर एवढं लक्षात ठेवा. मूळ विणकाम हाराकेके या वनस्पतीच्या पात्यातून काढलेल्या वाखाचं. त्यावर काळ्या पिळाच्या दोऱ्या लोंबत असतील तर तो कोरोवाइ. तपकिरी, केसाळ दिसणारं आवरण म्हणजे काहू किवी. त्यात किवी पक्ष्याची पिसं उलटी बसवतात, म्हणून ती अंगाला चिकटून न पडता फुगून राहतात. साधा गुळगुळीत झगा आणि खाली भौमितिक नक्षीची रुंद किनार असेल तर काइताका. त्या किनारीला तानिको म्हणतात. केसांत काळं पीस आणि टोकाला पांढरा पट्टा असेल तर ते हुइआचं शेपटीचं पीस. हा पक्षी शेवटचा खात्रीने दिसला १९०७ मध्ये, म्हणजे त्यानंतरच्या चित्रांत दिसणारी पिसं ही जपून ठेवलेली पिसं आहेत. कानातून लोंबणारा पांढरा दात शार्कचा असतो आणि त्याच्या मुळाशी दिसणारा लाल ठिपका रक्त किंवा माणिक नसून लाखेचा असतो, पत्रावर मोहोर करायची तीच लाख.

प्रश्न : ही चित्रं समोर माणूस बसवून काढली की फोटोवरून?

गोल्डीकडे माणसं येऊन बसत. फोटोचीही मदत तो घेई. लिंडाउरने पुष्कळ चित्रं फोटोवरून केली आणि ते तारखांवरूनच सिद्ध होतं. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यात १८४० साली झालेल्या वायतांगीच्या करारावर सही करणारा, न्गापुही टोळीचा सरदार तामाती वाका नेने १८७१ साली वारला. लिंडाउर देशात आला १८७४ मध्ये. त्याचं नेनेचं प्रसिद्ध चित्र आहे १८९० चं. दोघांची भेट होणं शक्यच नव्हतं.

पद्धत अशी : लहान छायाचित्र घ्यायचं, प्रक्षेपकाने ते कॅनव्हासवर मोठं करून पाडायचं, पेन्सिलीने बाह्यरेषा काढायची आणि मग रंगवायचं. पाठीवर पोर घेतलेल्या हेनी हिरिनीचं चित्र, जे पूर्वी आना रुपेने या नावाने ओळखलं जाई, टेम्स गावच्या फॉय बंधूंच्या फोटोवरून केलेलं आहे आणि त्याच्या तीसेक आवृत्त्या लिंडाउरने रंगवल्या. मागणी असली की तो पुन्हा काढायचा. म्हणून ‘हेच मूळ’ असा दावा कोणी केला तर विचारा, कितवं?

फोटोवरून करताना दोन गोष्टी बिघडतात. त्या माहीत असल्या की चित्र वेगळंच दिसू लागतं.

पहिली रंगाची. त्या काळच्या ओल्या काचेच्या नेगेटिव्हला निळा प्रकाश फार लवकर लागायचा आणि तांबडा-पिवळा जवळजवळ लागायचाच नाही. परिणाम असा, की सावळी, उबदार त्वचा छायाचित्रात गडद यायची आणि गोंदणाची निळसर रेषा फिकी. दोन्हींतला फरक पुसला जायचा आणि गोंदण गायब. ज्या माणसाचा अख्खा चेहरा कोरलेला आहे तो फोटोत कोऱ्या चेहऱ्याचा दिसू शकतो. म्हणून काही छायाचित्रकार प्रतीवर शाईने गोंदण भरत. चित्रकाराच्या हाती जो फोटो यायचा त्यातली रेषा खरी की भरलेली, हे ताडून बघावं लागे. लिंडाउरच्या गोंदणाचा जो नेमकेपणा वाखाणला जातो, तो निव्वळ फोटो गिरवून येणारा नाही.

दुसरी उलटेपणाची. धातूच्या पत्र्यावर थेट घेतलेलं छायाचित्र आरशासारखं उलटं असतं. काच प्रक्षेपकात उलटी बसली तरी तेच होतं. साध्या चेहऱ्यात हे खपून जातं. गोंदलेल्या चेहऱ्यात नाही, कारण दोन्ही गालांवरची नक्षी वरवर सारखी असली तरी तपशिलात वेगळी असते आणि त्या तपशिलात वंश असतो. तपासायचं तर कोटाच्या गुंड्या बघा. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते. उलटं दिसलं तर शंका घ्या.

प्रश्न : मी चित्रकलेची विद्यार्थिनी आहे. अभ्यासासाठी गोंदलेला चेहरा रंगवते तेव्हा गोंदण वरून चिकटवल्यासारखं दिसतं. काय चुकतं?

चार चुका संभवतात, बहुतेक वेळा चारही एकदम होतात.

आधी गोंदण कसं होतं ते समजून घ्या. ता मोको म्हणजे सुईने टोचलेली रेघ नव्हे. उही नावाच्या छोट्या छिन्नीने, जुन्या काळी अल्बट्रॉस पक्ष्याच्या हाडाच्या, त्वचेत चर पाडत आणि त्यात काजळीचा रंग भरत. ही काजळी काउरी झाडाच्या राळेसारखे पदार्थ जाळून मिळे. म्हणजे चेहऱ्यावर खरोखरच खाचा असत, लाकडावरच्या कोरीव कामासारख्या. पुरुषांचं असं पूर्ण चेहऱ्याचं गोंदण १८६० च्या दशकानंतर जवळजवळ थांबलं. बायकांच्या हनुवटीवरचं, ओठांवरचं मोको काउआए चालू राहिलं, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सुयांनी होऊ लागलं. सुईच्या गोंदणाला खाच नसते.

चूक पहिली : रेषा काळ्या रंगाने काढणं. त्वचेखालचा काळा रंग निळसर-हिरवट दिसतो. वाटाण्याएवढ्या आयव्हरी ब्लॅकमध्ये टाचणीच्या डोक्याएवढा प्रशियन ब्लू मिसळा. त्याहून जास्त नको, हा निळा फार जोरकस आहे, सगळा चेहरा गिळतो. उजेडातल्या भागात याच मिश्रणात त्वचेचा रंग घालून करडा-निळा करा. सावलीत रेषा त्वचेत जवळजवळ विरू द्या. एकाच गडदपणाची रेषा कपाळापासून हनुवटीपर्यंत गेली की ती चिकटवल्यासारखीच दिसणार.

चूक दुसरी : खाचेचा उजेड चुकीच्या कडेला देणं. प्रकाश डावीकडून येत असेल तर खाचेची डावी भिंत सावलीत जाते आणि उजवी भिंत प्रकाश झेलते. म्हणून बारीक उजळ कड रेषेच्या उजवीकडे हवी. सवयीने हात डावीकडे जातो आणि मग खाच न दिसता चेहऱ्यावर दोरा चिकटवल्यासारखा उंचवटा दिसतो. खात्री नसेल तर मातीच्या चपट्या गोळ्यावर काडीने चर पाडा, दिव्याखाली धरा आणि बघून रंगवा. दहा मिनिटांचं काम आहे.

चूक तिसरी : नक्षी सपाट कागदावर असल्यासारखी काढणं. गालावरचं वर्तुळाकार वळण चेहरा वळला की लंबवर्तुळ होतं. सुरकुती रेषेला छेदते तिथे रेषा तुटते, सरकते, पुन्हा सुरू होते. आधी सुरकुत्या, मग नक्षी, हा क्रम ठेवा.

चूक चौथी थरांची. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या फळीवर असा क्रम ठेवता येईल. रॉ अंबर आणि पांढऱ्याने चेहऱ्याचं पूर्ण छायाप्रकाशाचं काम, टर्पेंटाइनने पातळ केलेलं, एक-दोन दिवस वाळू द्यायचं. त्यावर त्वचेचे रंग : पिवळी माती, लाल माती, पांढरा आणि थोडा अंबर. हे पूर्ण हाताला कोरडं लागेपर्यंत, साधारण आठवडा ते दहा दिवस, थांबायचं. मग गोंदण पातळ लेपाने. शेवटी खाचांच्या उजळ कडा आणि कपाळ-नाकावरची चमक. प्रत्येक पुढच्या थरात तेल आधीपेक्षा थोडं जास्त. आयव्हरी ब्लॅक तेल फार पितो आणि सावकाश वाळतो. तो खाली जाड भरून वर लवकर वाळणारा फिका रंग चढवला तर काही महिन्यांत तडे जातात. ओल्या त्वचेवर गोंदण काढलं तर निळा-काळा पसरून चेहरा मळकट होतो.

एक गोष्ट रंगापलीकडची. हा सराव एखाद्या ज्ञात चित्राची प्रत म्हणून करा आणि मागे मूळ माणसाचं नाव लिहा. नेनेच्या गालावरची नक्षी दुसऱ्या चेहऱ्यावर, मैत्रिणीच्या किंवा काल्पनिक योद्ध्याच्या, बसवू नका. ती त्याची ओळख आहे. जुन्या काळी काही सरदार करारपत्रांवर सही म्हणून आपलं गोंदणच काढत.

प्रश्न : ‘नामशेष होत चाललेल्या जमातीची शेवटची चित्रं’ असं या चित्रांचं वर्णन वाचलं. हे कितपत बरोबर?

वर्णन त्या काळचं आहे, बरोबर नाही. १८९६ च्या जनगणनेत माओरी लोकसंख्या सुमारे ४२ हजारांवर आली होती. गोवर, इन्फ्लुएंझा, क्षय, टायफॉइड आणि युद्धांनंतर जप्त झालेल्या, न्यायालयांतून हातची गेलेल्या जमिनी, ही त्यामागची कारणं. तेव्हाच्या पाकेहा समाजात ‘ही माणसं आता संपणार’ हे जणू ठरूनच गेलं होतं, आणि संपणाऱ्या गोष्टीच्या चित्रांना बाजार असतो. गोल्डीची शीर्षकं त्या बाजाराशी बोलतात.

पण १९०१ मध्येच आकडा वर सरकू लागला. १९३६ पर्यंत तो ८२ हजारांच्या वर गेला, म्हणजे चाळीस वर्षांत जवळपास दुप्पट. मधल्या काळात आपिराना न्गाता, माउइ पोमारे, ते रांगी हिरोआ ही शिकलेली पिढी संसदेत आणि सार्वजनिक आरोग्याच्या कामात उतरली होती. तरी १९४१ मध्ये गोल्डीने फारेकाउरी ताहुनाच्या चित्राला नाव दिलं, ‘एका थोर वंशाचा थोर अवशेष’. लोकसंख्या दुप्पट झाली तरी शीर्षक बदललं नाही. असल्या चित्रांची किंमत मात्र वाढत गेली : याच ताहुनाचं १९३८ चं ‘तोहुंगाचे विचार’ हे चित्र २०२५ च्या लिलावात ३७ लाख ५० हजार न्यूझीलंड डॉलरला गेलं. तोहुंगा म्हणजे परंपरागत ज्ञानी-वैद्य, ज्यांच्या कामावर १९०७ साली कायद्याने बंदी आली होती.

चित्र चांगलं आणि शीर्षक चुकीचं, असं असू शकतं. पाटी हाताने झाकून चेहरा बघा.

प्रश्न : मग बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना वापरून घेतलं असं म्हणायचं का?

इतकं सरळ नाही. गोल्डी बसण्याचे पैसे द्यायचा आणि काही जण वर्षानुवर्षं त्याच्याकडे येत. न्गापुही टोळीतली इना ते पापाताही त्यांतली एक. ती नेने आणि त्याचा भाऊ पातुओने यांची नातलग, आणि गोल्डीने तिला कितीतरी वेळा रंगवलं. ही माणसं आपापल्या ठिकाणी वजनदार होती.

पातारा ते तुहीचं उदाहरण घ्या. गोल्डीच्या चित्रांत तो गतकाळात हरवलेला म्हातारा वाटतो. प्रत्यक्षात तो माओरी राजाच्या चळवळीचा, किंगितांगाचा, वर्तमानपत्र संपादक होता. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ते होकिओइ’ हे पत्र तो चालवत असे. ते ज्या यंत्रावर छापलं जाई ते ऑस्ट्रियाच्या सम्राटाने भेट दिलेलं होतं, कारण दोन माओरी तरुण ‘नोव्हारा’ या जहाजाने १८५९ मध्ये व्हिएन्नाला जाऊन छपाई शिकले होते. (तरुण लिंडाउर त्या वेळी त्याच शहरात कला शिकत होता, हा योगायोग गमतीचा आहे.) पुढे १८८४ मध्ये पातारा राजा ताफियाओबरोबर जमिनींची दाद मागायला लंडनला गेला. हे सगळं चित्रात नाही. चित्र खोटं नाही, पण त्यात एक दुपार आहे, आयुष्य नाही.

याउलट १९०५ चं ‘ऑल ए सेम ते पाकेहा’, म्हणजे मोडक्या इंग्रजीत ‘अगदी पाकेहासारखाच’. बसलेला आहे ते आहो ते रांगी फारेपू, डोक्यावर गोल हॅट, अंगात कोट. शीर्षक त्याची थट्टा करतं. चेहऱ्यावरचं मिस्कील हसू बघितलं तर कोण कोणाची थट्टा करतंय हे ठरवणं कठीण जातं.

प्रश्न : बनावट चित्रं पुष्कळ आहेत असं ऐकलं. तज्ज्ञ कशावरून ओळखतात?

पुष्कळ आहेत. सर्वांत नावाजलेला नकलाकार कार्ल सिम. १९८५ मध्ये त्याला शिक्षा झाली, त्यानंतर त्याने कायदेशीररीत्या नावच बदलून कार्ल फिओडोर गोल्डी केलं, म्हणजे ‘सी. एफ. गोल्डी’ अशी सही करायला मोकळा.

लिंडाउरच्या बाबतीत गाजलेलं प्रकरण हामिओरा माइओहाच्या चित्राचं. वेलिंग्टनच्या अलेक्झांडर टर्नबुल ग्रंथालयाने ते २०१३ मध्ये ७५ हजार डॉलरला घेतलं. पुढे शास्त्रीय तपासणीत त्यात टायटॅनियमचा पांढरा सापडला. हा पांढरा चित्रकारांच्या हातात १९२० च्या सुमारास येऊ लागला. त्याआधीची चित्रं शिशाच्या किंवा जस्ताच्या सफेद्याची. एकोणिसाव्या शतकातल्या चित्राच्या मूळ थरात तो असणं शक्य नाही. दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. नंतरच्या दुरुस्तीतही टायटॅनियम येतो, म्हणून नमुना डागडुजीच्या जागेतून नाही, मूळ थरातून घ्यावा लागतो. आणि हीच कसोटी गोल्डीच्या १९३० नंतरच्या चित्रांना लावता येत नाही, तेव्हा तो रंग दुकानात मिळतच होता.

बाकीची कामं अशी : अवरक्त किरणांत खालचं पेन्सिलकाम बघणं, सहीचा रंग खालच्या तड्यात उतरला आहे का ते भिंगाने बघणं (उतरला असेल तर तडे आधीचे, सही नंतरची), कॅनव्हासची पाठ, खिळे, चौकट. गोल्डीच्या चित्रांमागे बऱ्याचदा बसणाऱ्याचं नाव आणि टोळी लिहिलेली चिठ्ठी असते. पण चिठ्ठी सोलून दुसरीकडे लावता येते, म्हणून तिच्यावर एकट्याने विसंबू नये.

प्रश्न : गोल्डीला त्याच्याच रंगांमुळे आजार झाला हे खरं का?

तसं मानलं जातं. कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो जिभेने ओला करायचा आणि पांढरा रंग शिशाचा होता. १९२० च्या दशकात त्याचं काम जवळजवळ बंद पडलं. १९३० च्या सुमारास गव्हर्नर जनरल लॉर्ड ब्लेडिस्लो यांच्या आग्रहाने त्याने पुन्हा सुरुवात केली. कुंचल्याला टोक चिंधीवर फिरवून आणा, तोंडात घालू नका. कॅडमियमचे रंगही पोटात जाण्यासारखे नाहीत.

प्रश्न : ही चित्रं कुठे पाहायला मिळतील?

सर्वांत मोठा लिंडाउर संग्रह ऑकलंड आर्ट गॅलरी तोइ ओ तामाकी इथे. पार्ट्रिजने १९१५ मध्ये तो शहराला दिला, अट एवढीच की ऑकलंडकरांनी बेल्जियमच्या युद्धग्रस्तांसाठी १० हजार पौंड जमवावेत. ते जमले. गोल्डी पाहायला ऑकलंड संग्रहालय, शिवाय वेलिंग्टनचं ते पापा हे राष्ट्रीय संग्रहालय. ‘ऑल ए सेम’ डनीडनच्या सार्वजनिक कलादालनात आहे. नेल्सनच्या सूटर दालनात लिंडाउरचं हुरिआ मातेंगाचं चित्र बघा. १८६३ मध्ये फुटलेल्या ‘डेलावेअर’ जहाजावरच्या खलाशांना वाचवणारी ती हीच.

प्रश्न : नावं देवनागरीत कशी लिहावीत?

स्वर आपल्यासारखेच, म्हणून सोपं. ‘डब्ल्यू-एच’ बहुतेक टोळ्यांत ‘फ’सारखा : फारेनुई, ताफियाओ. व्हांगानुईच्या परिसरात तो ‘व’कडे झुकतो. ‘एन-जी’मध्ये ग उच्चारायचा नाही, फक्त ङ. अनेकवचनाला ‘एस’ जोडत नाहीत. एक माओरी, दहा माओरी.

प्रश्न : लिंडाउरच्या एका चित्राची प्रत घरात लावायची आहे. स्वामित्वहक्काचा काळ संपला असेल, मग काही विचारायला हवं का?

न्यूझीलंडमध्ये हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षं टिकतो. लिंडाउरचा १९७६ अखेर, गोल्डीचा १९९७ अखेर संपला. संग्रहालयाने काढलेल्या छायाचित्राच्या वापराला मात्र त्यांचे वेगळे नियम असू शकतात. ते त्यांच्या संकेतस्थळावर चित्राखालीच दिलेले असतात.

पण कायदा हा यातला सोपा भाग. वंशजांच्या लेखी हे चित्र म्हणजे तूपुना, पूर्वज, स्वतः. चित्रासमोर उभं राहून ते त्याच्याशी बोलतात, रडतात. तांगीला, म्हणजे अंत्यविधीला, घरातल्या पूर्वजांच्या तसबिरी मृतदेहाजवळ आणून मांडतात. ऑकलंडच्या दालनाने माओरी सल्लागारांचा हाएरेवा हा गट नेमला होता, आणि २०१४ मध्ये चित्रं बर्लिनला गेली तेव्हा वंशजही गेले आणि उद्घाटनाचे विधी त्यांनी केले.

तेव्हा प्रत लावताना : स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर किंवा खाण्यापिण्याच्या जागी नको, कारण डोकं तापू आहे, म्हणजे पवित्र आणि निषिद्ध, आणि अन्न त्या तापूला बाधतं. याच कारणाने कप, बशीखालची चकती, उशी, पायपुसणं, हातरुमाल यांवर हा चेहरा छापू नये. असल्या वस्तूंवर माओरी कुटुंबांनी वेळोवेळी हरकत घेतली आहे. जिवंत माणसांच्या फोटोंच्या रांगेत मधेच टांगू नका, वेगळी भिंत द्या. अर्धा चेहरा कापून नक्षीपुरता तुकडा चौकटीत बसवू नका. खाली नाव लिहा, टोळीचं नाव माहीत असेल तर तेही, आणि ते चित्रकाराच्या नावाच्या आधी.